नवे हेडफोन, शंभर तासांचा सल्ला आणि गोव्याची हवा

नवे हेडफोन घरी आले की सल्ला ठरलेला असतो. "आत्ता काही बोलू नकोस. शंभर तास वाजव, मग ऐक." पणजीतला दुकानदार हे सांगतो, जत्रेतल्या नाटकाला मिक्सरवर बसणारा सांगतो, आणि ज्याच्याकडे आधीच तीन-चार हेडफोन आहेत असा कॉलेजातला भाचाही सांगतो. या प्रकाराला बर्न-इन म्हणतात, कुणी ब्रेक-इन म्हणतात. कृती सोपी आहे. हेडफोन फोनला जोडून कपाटात ठेवायचे आणि त्यांतून रात्रंदिवस पिंक नॉइज, म्हणजे खालपासून वरपर्यंतच्या सगळ्या स्वरांची एकत्र खरखर, सोडून द्यायची. मग म्हणे बेस मोकळा होतो, वरचा तिखटपणा जातो, आवाज 'बसतो'.

माझं मत आधीच सांगतो. हेडफोनच्या बाबतीत शंभर तासांत बदल होतो तो बहुतेक कानावर टेकणाऱ्या गाद्यांमध्ये आणि ऐकणाऱ्याच्या मेंदूत. आत थरथरून आवाज काढणाऱ्या पडद्यात होतो तो इतका थोडा, की हेडफोन डोक्यावर पुन्हा चढवताना जरा पुढेमागे झाले तरी त्याहून जास्त फरक पडतो. मोठ्या स्पीकरची गोष्ट थोडी वेगळी आहे, वॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या, ॲम्पची (ॲम्प्लिफायरची) आणखी वेगळी. ज्यांनी पहिल्यांदाच बऱ्यापैकी पैसे मोजून हेडफोन, छोटा ॲम्प किंवा स्पीकरची जोडी घेतली आहे, त्यांनी पहिल्या दिवसापासून काय करावं ते इथे क्रमाने दिलं आहे.

पहिली पायरी: मुदत बघा, मग आवाज

खोका, आतला थर्माकोल, केबल बांधायच्या तारा, सगळं जपून ठेवा. ऑनलाइन दुकानांची माल बदलून देण्याची मुदत बहुधा ७ ते १० दिवसांची असते. रोज तीन तास ऐकणाऱ्याला शंभर तास भरायला महिना लागतो. म्हणजे सल्ला इमानाने पाळला तर "आता पटत नाही" हे कळेपर्यंत परत करायची सोय संपलेली असते. बर्न-इनचा खरा खर्च हा आहे, आणि तो सल्ला देणाऱ्याच्या खिशातून जात नाही.

म्हणून पहिल्याच संध्याकाळी दोष शोधा. फॅन बंद करा, आवाज कमी ठेवा आणि साइन स्वीप लावा. २० हर्ट्झपासून वर चढत जाणारा हा एकच सूर ऑडॅसिटी या फुकट प्रोग्रॅमवर करता येतो. तो चढताना मध्येच कुठे फरफर, खडखड किंवा माशी अडकल्यासारखी भुणभुण आली तर कॉइल, म्हणजे पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, घासते आहे, किंवा आत केस नाहीतर कचरा गेला आहे. वाजवून हा दोष जाणार नाही. एका बाजूचा आवाज दुसऱ्यापेक्षा कमी असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये मोनो चालू करून पुन्हा ऐका, मग हेडफोन उलटे घाला, डावा उजव्या कानावर. कमी आवाज हेडफोनच्या त्याच कपाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा. कानाशीच राहिला तर कानात मळ असेल, किंवा त्या कानाला खरोखर कमी ऐकू येत असेल. तसं असलं तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि मुळात तुम्हाला आवाज आवडला का? कर्कश वाटतोय, गाणारा पाठमोरा बसून गातोय असं वाटतंय, तर तो त्या मॉडेलचा स्वभाव आहे. "वाजवून सुधारेल" या आशेवर ठेवून घेऊ नका.

दुसरी पायरी: गादी कानाला कशी बसते

नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. बंद कपाच्या हेडफोनमध्ये बेस ऐकू येतो तो गादी, कान आणि पडदा यांच्यात कोंडलेल्या हवेमुळे. कुठे फट राहिली की खालचे स्वर तिथून निसटतात. घट काही थोडीथोडकी नसते, चांगलीच फट राहिली तर १० डेसिबलच्याही पुढे जाते. चष्म्याची काडी, कानाशेजारचे दाट केस, दाढी, कर्णफुलं यांतलं काहीही फट पाडायला पुरतं.

हे स्वतः ऐकायला तानपुऱ्याचं ॲप लावा. टेस्टिंगसाठी इतकं सोयीचं साधन दुसरं नाही. तो तासभर तसाच राहतो, त्यात खर्जापासून वरच्या स्वरमालिकेपर्यंत सगळं असतं, आणि आपल्याकडे गाणाऱ्या प्रत्येक घरात फोनवर तो असतोच. खर्जाची तार छेडली जाते आहे तोवर चष्म्याची काडी बोटाने किंचित उचला. खर्जाचं पोट एकदम नाहीसं होतं आणि वरची झणझण तेवढी उरते. काडी सोडा, गादी हाताने हलकी दाबा, पोट परत येतं. आता हेडफोन अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवा, मग मागे. वरच्या झणझणीचा रंग दर वेळी बदलतो, कारण कानाच्या पाळीच्या वळणांशी उंच स्वरांचं नातं जागेवर अवलंबून असतं.

नवी गादी ताठ असते. काही आठवडे डोक्याच्या उबेने आणि दाबाने ती मऊ पडते आणि गालाच्या हाडाला धरून बसते. गळती कमी होते, बेस भरतो. पडदाही कानाच्या थोडा जवळ येतो आणि वरचे स्वर बदलतात. "महिन्याभरात आवाज सुधारला" असं शपथेवर सांगणारे लोक खोटं बोलत नाहीत, त्यांचा आवाज खरंच बदललेला असतो. फक्त कपाटात खरखर वाजवून हे होत नाही, कारण कपाटाला डोकं नसतं. हेडफोन घालून बसावं लागतं.

कानात घालायच्या इअरफोनला हेच नियम, आणखी कडकपणे. सोबत आलेल्या तिन्ही मापांच्या रबरी टिप्स लावून बघा. डावा आणि उजवा कान वेगवेगळ्या मापाचे असणं अगदी नेहमीचं आहे. फोमच्या टिप्स कानाच्या उबेने फुगून बसायला अर्धा-एक मिनिट घेतात, तोवर निर्णय देऊ नका. गाणं निवडताना खाली खरोखर काही आहे असं निवडा. घुमट (मातीच्या घटावर चामडं चढवलेलं गोव्याचं वाद्य), शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळे (झांजा) यांच्या आरतीचं चांगलं ध्वनिमुद्रण उत्तम: घुमटाचा घुमारा खाली, कासाळ्यांची किणकिण वर. केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या मात्र या कामाला घेऊ नका. ज्यांचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेला, त्यांच्या गाण्यात कमी काहीच नाही. पण त्या काळच्या ७८ गतीच्या तबकड्यांवर खालचे स्वर जेमतेमच उतरत. तिथे बेस सापडला नाही तर हेडफोनला बोल लावू नका.

तिसरी पायरी: आत काय हलतं ते समजून घ्या

घुमटाला ऊब दिल्याशिवाय चवथीची आरती रंगत नाही. ओल धरलेलं चामडं सैल बोलतं, ऊन दाखवलं की ताणून बसतं आणि घुमायला लागतं. (पूर्वी हे चामडं घोरपडीचं असे, वन्यजीव कायद्याने ते बंद झाल्यापासून बकरीचं चढवतात.) नवी पुडी, नवी तार, नवा पडदा, सगळं वाजवून लागतं हे बघत आपण मोठे होतो, त्यामुळे स्पीकरही वाजवून उघडतो हे आपल्याला लगेच पटतं. पण चामडं पाणी पितं आणि ताणाखाली सरकत राहतं. हेडफोनचा पडदा पॉलिएस्टरसारख्या प्लॅस्टिकच्या पातळ फिल्मचा असतो, आणि त्याच फिल्मच्या कडेला पाडलेल्या वळ्या स्प्रिंगचं काम करतात. तो हलतो मिलिमीटरच्या अगदी थोड्या अंशाने, आणि त्याला मागे खेचायला कपातली कोंडलेली हवाही असते. सैल पडायला तिथे फारसं काही नाहीच.

मोठ्या स्पीकरचं तसं नाही. दुरुस्तीवाल्याकडे उघडा पडलेला वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा स्पीकर, पाहिला असेल तर आठवेल: कागदी शंकूच्या मागे, कॉइलभोवती, पिवळट किंवा तपकिरी रंगाची नालीदार कापडी चकती असते. तिला स्पायडर म्हणतात. कापडावर राळ चढवून ती ताठ केलेली असते, आणि पहिल्यांदा जोरात हलली की राळेत बारीक तडे जाऊन ती थोडी मऊ होते. मग वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या, म्हणजे एफएस, थोडी खाली येते. हे मोजता येतं, त्यावर वाद नाही. पण यातलं बहुतेक काम जोरात वाजण्याच्या पहिल्या काही सेकंदांत ते मिनिटांत उरकतं, त्याला शंभर तास लागत नाहीत. बऱ्याच कारखान्यांत तपासणीच्या वेळीच ते होऊन जातं. शिवाय वाजून गरम झालेला स्पायडर थांबल्यावर थोडा परत ताठ होतो.

स्पीकरच्या बंद खोक्यात बसवल्यावर हा फरक आणखी लहान होतो, हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. समजा वूफरची एफएस ४० हर्ट्झ आहे आणि खोक्यातल्या हवेची स्प्रिंग त्याच्या स्वतःच्या स्प्रिंगपेक्षा तिप्पट ताठ आहे. दोन्ही मिळून खोक्यातली कंपनसंख्या होते ८० हर्ट्झ. आता स्पायडर मऊ पडून एफएस १० टक्के उतरली, ३६ झाली. हवा काही मऊ पडत नाही. नवा आकडा येतो सुमारे ७८. उघड्यावर ४ हर्ट्झ खाली गेलेला वूफर खोक्यात २ हर्ट्झ खाली जातो. तुमच्या हॉलमधला सोफा भिंतीपासून हातभर सरकवलात तर यापेक्षा मोठा फरक ऐकू येईल.

बाकीच्यांचा झटपट निकाल. बॅलन्स्ड आर्मेचरच्या इअरफोनमध्ये धातूची एक इवलीशी पट्टी डोलते, तिला मऊ व्हायला कापडी स्प्रिंग नसते. शुअर या कंपनीने १९९७ साली आलेल्या आपल्या ई-१ इअरफोनचे भरपूर वापरलेले नग मोजले होते, आणि ते नव्यासारखेच मोजले गेल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं. केबल वाजवून सुधारत नाही, तांब्याला गाणं आठवत नाही. साधा ट्रान्झिस्टर ॲम्प चालू केल्यावर काही मिनिटांत स्थिर होतो, क्लास-ए जातीचा गरम व्हायला अर्धा तास घेतो, पण तो रोजचा वॉर्म-अप आहे, उद्या पुन्हा लागेल. वॉल्व्हना मात्र सुरुवातीचे काही तास खरंच स्थिर व्हायला लागतात. चांगले विक्रेते ते काम करूनच वॉल्व्ह विकतात.

ब्लूटूथ हेडफोनचं एक वेगळंच. कंपनी ॲपमधून सॉफ्टवेअर अपडेट पाठवते आणि त्यात इक्वलायझर बदलू शकते. पंधरा दिवसांनी आवाज वेगळा वाटला तर आधी अपडेट झालं का ते बघा, मग फोनने कोडेक, म्हणजे आवाज ब्लूटूथवरून पाठवायची पद्धत, बदलला का ते बघा.

जुन्या घरातला रेडिओ

हा विषय थोडा बाजूचा आहे, पण गोव्यात विचारला जातो म्हणून इथेच. कित्येक घरांत आजोबांच्या वेळचा वॉल्व्ह रेडिओ किंवा ॲम्प वर्षानुवर्षं बंद पडून असतो. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वापराविना आतून खराब होत जातात. असा सेट एकदम २३० व्होल्टवर लावून 'बर्न-इन' करायला जाऊ नका, कपॅसिटर फुटतो, ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणकार मेकॅनिक आधी सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत जोडलेला, प्रवाह आवरणारा बल्ब) लावून, व्होल्टेज हळूहळू चढवत तो जागा करतो, आणि बहुतेक वेळा कपॅसिटर सरळ बदलतोच. आत मारक व्होल्टेज असतं. घरी झाकण उघडू नका.

चौथी पायरी: कानाला वेळ द्या, पण मोजून

मेंदू नव्या आवाजाला किती पटकन सरावतो याचा मला माहीत असलेला सर्वांत सुंदर पुरावा हेडफोनचा नाहीच. १९९८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी काही लोकांच्या कानाच्या पाळीत साचे बसवून तिचा आकारच बदलला. आवाज वरून येतो की खालून हे त्या लोकांना एकदम ओळखता येईना. साचे तसेच घालून ते रोजचं आयुष्य जगत राहिले आणि काही आठवड्यांत ओळख परत आली. साचे काढले तेव्हा जुन्या कानांची ओळखही शाबूत होती. कान बदलले तरी मेंदू जुळवून घेतो, तर हेडफोनच्या तिखटपणाशी जुळवून घ्यायला त्याला कितीसा वेळ लागणार?

त्यातून आपली श्रवणस्मृती तोकडी. आवाजाचा नेमका रंग काही सेकंदच ताजा राहतो, नंतर उरतं ते वर्णन. "पहिल्या दिवशी वरचे स्वर टोचत होते" हे वाक्य तुमच्या लक्षात आहे, तो आवाज नाही. म्हणून महिन्यापूर्वीच्या आवाजाशी आजचा ताडून बघणं ही कानाची परीक्षा होऊच शकत नाही.

करायचं एवढंच: नव्या हेडफोनवर आठवडाभर ओळखीची गाणी ऐका. मग एक दिवस जुन्यावर जा आणि लगेच नव्यावर या. जाताना जुना मंद वाटेल, येताना नवा तिखट वाटेल. आठवडाभरात सवयीचा झालेला आवाज असा पुन्हा तिखट वाटला, तर पडदा मोकळा झाला नव्हता, तुम्ही सरावला होतात.

पाचवी पायरी: खरंच तपासायचं असेल तर

ज्यांना हात चालवायची हौस आहे त्यांच्यासाठी. घाई असेल तर हा भाग सोडा.

टायल हर्टसेन्स या अमेरिकन समीक्षकाने २०११ च्या सुमारास एकेजीच्या क्यू-७०१ या हेडफोनवर हा खटाटोप केला होता. तासन्‌तास नॉइज वाजवत मापं घेतली, मिळालेला फरक अगदी किंचित होता. पुढे नवा नग आणि भरपूर वाजलेला नग न बघता ऐकले, तेव्हा मात्र त्याला ते बऱ्यापैकी ओळखता आले. बर्न-इनवाले दुसरी गोष्ट सांगतात, विरोधक पहिली. मला अडचण दिसते ती अशी, की ते दोन वेगळे नग होते. एकाच मॉडेलचे दोन नग कारखान्यातूनच थोडे वेगळे निघतात, आणि वापरलेल्या गादीचा मऊपणा तर डोळे मिटूनही कानाला कळतो.

यावर इलाज आहे, आणि तो दोन मित्रांनी एकच मॉडेल घेतलं तर घरच्या घरी होतो. दोन्ही नवे असतानाच मोजा. मग एक वाजवा, दुसरा डब्यात बंद ठेवा. शंभर तासांनी दोन्ही पुन्हा मोजा. वाजवलेल्यात बदल दिसला आणि डब्यातल्यात नाही, तरच वाजवण्याचं श्रेय.

मोजायला छोटा यूएसबी मापन-माइक लागतो. तो नसेल तर कॉलरचा माइकही चालेल, कारण आपल्याला 'आधी' आणि 'नंतर' एवढंच हवं आहे, खरा आलेख नको. जाड प्लायच्या तुकड्याला माइकच्या जाडीचं भोक पाडा. माइक मागून घाला, तोंड प्लायच्या पातळीला येऊ द्या, कडेची फट पुट्टीने बुजवा. त्यावर हेडफोनचा कप असा ठेवा की भोक बरोबर मधोमध येईल, दुसरा कप प्लायच्या मागे टेकवा म्हणजे हेडबँडचाच दाब मिळेल. आरईडब्ल्यू (रूम ईक्यू विझार्ड) हा फुकट प्रोग्रॅम स्वीप वाजवतो आणि आलेख काढतो. लॅपटॉपचा आवाज एका जागी ठेवून आकडा लिहून ठेवा.

आता खरी गंमत. पहिला आलेख काढला की हेडफोन उचला, परत तसाच ठेवा, दुसरा काढा. पुन्हा उचला, पुन्हा ठेवा. पाच-सहा आलेख एकावर एक आले की दिसतं: मधल्या स्वरांत रेघा एकमेकींवर चिकटलेल्या, २०० हर्ट्झच्या खाली गादी जशी बसली तशा वरखाली, आणि ६-८ हजारांच्या पुढे पार विस्कटलेल्या, कुठे कुठे कित्येक डेसिबलने. हेडफोन तोच, मिनिटही तेच, फक्त उचलून ठेवला. हा पसारा म्हणजे तुमच्या मापाची चूक-मर्यादा. शंभर तासांनंतरच्या रेघा याच पसाऱ्यात पडल्या तर बदल सापडला नाही, असं लिहा आणि मोकळे व्हा. बरेच जण एकदा आधी आणि एकदा नंतर मोजतात, त्या दोन रेघांतली फट 'बर्न-इन' म्हणून दाखवतात. ती फट बहुतेक वेळा गादी कशी ठेवली याची असते.

कानाने तपासायचं तर मित्राला मदतीला घ्या. कोणता नग द्यायचा ते त्याने नाणं उडवून ठरवावं, तुम्ही बघू नये, त्याने बोलू नये. आवाजाची पातळी दोन्हींची आधी माइकवर जुळवून घ्या. अर्धा डेसिबल जास्त असलेला आवाज मोठा वाटत नाही, चांगला वाटतो, आणि सगळी परीक्षा तिथेच फुकट जाते. १६ फेऱ्या करा. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे १२ आले तर काहीतरी ऐकू येतंय असं धरायला हरकत नाही. तीनच फेऱ्या करून "तिन्ही ओळखल्या" म्हणण्यात अर्थ नाही, आठात एकदा ते आपोआप होतं.

सहावी पायरी: तरीही वाजवायचंच असेल

वाजवा, त्यात नुकसान काही नाही, दोन पथ्यं पाळली तर. पहिलं, आवाज रोज ऐकता तेवढाच ठेवा. फुल आवाजावर रात्रभर नॉइज सोडला की कॉइल तापते, आणि तापलेल्या कॉइलने सुधारण्याऐवजी जळायचीच शक्यता. मोठ्या स्पीकरना हवं तर अर्धा तास बेस असलेलं संगीत जरा जोरात ऐकवा, स्पायडरचं काम होऊन जाईल. ते दिवसा करा. रात्री दहानंतर गावात लाऊडस्पीकर लावायला कायद्याने बंदी आहेच, आणि पिंक नॉइज ऐकून खूश होणारा शेजारी मला अजून भेटायचा आहे. दुसरं, बर्न-इन स्वतःच्या कानांवर करू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढवला की सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १०. नव्या हेडफोनच्या उत्साहात बेस शोधत आवाज चढवणं हा नेहमीचा प्रकार, आणि गेलेलं ऐकणं परत येत नाही.

सातवी पायरी: पावसाळ्याची तयारी

आमच्याकडे वाद्यांना आणि यंत्रांना खरोखर बदलून टाकते ती हवा. जून ते सप्टेंबर हवेतली ओल नव्वद टक्क्यांपर्यंत जाते, आणि मिरामार, कोलवा, वास्को अशा किनाऱ्याजवळच्या भागांत वर मीठ. शंभर तास मोजण्यात जी चिकाटी जाते तिच्यातली निम्मी इथे लावा.

कृत्रिम चामड्याची गादी म्हणजे फोमवर पॉलियुरेथेनचा पापुद्रा. ओलसर हवेत तो हळूहळू विघटित होतो आणि काळ्या खपल्या कानावर चिकटायला लागतात. घाम त्यात भर घालतो. ऐकून झालं की कोरड्या मऊ कापडाने गाद्या पुसा, लगेच डब्यात कोंबू नका, पंख्याखाली थोडा वेळ ठेवा. खपल्या सुटायला लागल्या की गाद्या बदला, त्याच मॉडेलच्या मापाच्या घ्या. गादीची जाडी किंवा भोकांची जाळी वेगळी असली की आवाज सरळ बदलतो. वूफरच्या कडेला फोमची गोल पट्टी असेल तर तीही काही वर्षांत भुसा होते. स्पीकर अजून घ्यायचे असतील तर रबरी कडेचे बघा.

जॅकवर मिठाचा आणि ऑक्साइडचा थर बसला की आवाज कमी होतो, एक बाजू जाते-येते, खरखर येते. अशा वेळी कुणी हेडफोन दोन-चारदा काढून घालतो, थर घासला जातो आणि आवाज "मोकळा" होतो. गोव्यात बर्न-इनच्या नावावर खपणाऱ्या सुधारणांत अशा घासलेल्या जॅकचा वाटा मोठा असावा असा माझा संशय आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मिळतो. तो कापसाच्या काडीवर मारून जॅक पुसा, भोकात थेट फवारू नका. खोबरेल तेल लावणारे पाहिले आहेत. ते करू नका, त्यावर धूळ चिकटते.

इअरफोनच्या तोंडावरची बारीक जाळी कानातल्या मळाने आणि घामाने बुजते, आणि एक बाजू मंद पडली की लोक ड्रायव्हर (आतला छोटा स्पीकर) गेला म्हणतात. कोरड्या मऊ ब्रशने, जाळीचं तोंड खाली धरून झाडा. पाण्याने धुऊ नका.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते घरात लहान मुलं असतील तर नकोच, नारंगी दाणे घ्या. त्यांचा रंग बदलला की ओल भरली असं समजायचं. जुलैत उन्हाची वाट बघण्यात अर्थ नसतो. ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास ठेवून ते पुन्हा कोरडे करा, स्वयंपाकाचं भांडं त्यासाठी वापरू नका, आणि पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात टाका. ब्लूटूथचे हेडफोन महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी साधारण अर्धी भरून ठेवा.